पंधरा मीटर

ब्लँटायर. रस्त्याच्या अलीकडे दवाखाना,
पलीकडे तपासणी केंद्र.
मधे कणसं भाजणारा एक माणूस
आणि गटारावर टाकलेली फळी.

पोराच्या मनगटाचा एक्स-रे
इथून तिथं जायला निघतो
तो आधी मोझांबिकचा किनारा गाठतो,
समुद्राच्या तळाला लागतो,
अर्ध्या आफ्रिकेला वळसा घालून
लंडनच्या कुठल्याशा तळघरात हजेरी लावतो
आणि आल्या वाटेनं परत.
असला द्राविडी प्राणायाम,
कारण दवाखान्याची कंपनी एक, केंद्राची दुसरी,
आणि दोघींचं बोलणं नाही.

तीनशे चाळीस मिलिसेकंद.
पापणी लवते तेवढ्यात.
पण या पापणीची जकात डॉलरमध्ये पडते,
आणि क्वाचा तर
पायरी चुकलेल्या माणसासारखा खाली चाललेला.

तियामिके चिसाले दर महिन्याला ते बिल
फाइलला लावायची. मार्चमध्ये लावलं नाही.
घेऊन गेली थेट समोरच्या कंपनीत,
लिंबानीकडे, जो कॉलेजात तिच्या मागच्या बाकावर
झोपायचा.
म्हणाली, तुझी वायर माझ्या वायरला लाव.
तुझ्या लोकांचं माझ्याकडे येऊ दे,
माझ्यांचं तुझ्याकडे.
कोणी कोणाला पैसे मागायचे नाहीत.

वानवळाच तो.
वेलीचा पहिला भोपळा उतरला की
शेजारी एक फोड जाते,
ताटली रिकामी परत येत नाही.
हिशेब कोणी मांडत नाही
आणि सगळ्यांना तो तोंडपाठ असतो.

लिंबानीचा साहेब चांबो मासा सोलत म्हणाला,
तुमच्याकडून येतो एक, आमच्याकडून जातात चार.
वानवळा कसला, ही तर रोजची भाजी.
भाजीचे पैसे पडतात.
(काटा निघाला. त्यानं तो ताटाच्या कडेला ठेवला.)
तियामिकेनं आपलं बिल
त्याच्या पाण्याच्या ग्लासाखाली सरकवलं.
तुमचंही एवढंच असेल, म्हणाली. की जास्त?

जास्तच होतं.

कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत
मोडक्या बाकांमागे एक कपाट,
उसना पंखा, आणि पिवळी वायर.
मोजली तर पंधरा मीटर.
रात्री साडेअकराला दोघांनी ती खोचली.
हिरवा दिवा लागला, विझला,
लिंबानीनं शिवी दिली, मग लागला.
दोन मिलिसेकंद.
टाळ्या वाजवायला तिसरं कोणी नव्हतं,
आणि शहरात कोणाला काही कळलंही नाही,
एवढंच की दुसऱ्या दिवशी केंद्रातला डॉक्टर
एक्स-रे उघडेपर्यंत चहा आणायला उठला नाही.

पुढच्या पावसाळ्यात समुद्रापलीकडून
एक मोठी कंपनी आली. व्हिडिओवाली.
म्हणाली, आमची पेटी फुकट ठेवा तुमच्या खोलीत,
लोक जे पुन्हा पुन्हा बघतात
ते इथंच ठेवू, लांबून आणायला नको.
फुकट.
वीज तुमची, पंखा तुमचा, कुलूप तुमचं.
तियामिकेनं बराच वेळ आकडेमोड केली.
तरीही स्वस्त पडत होतं. हेच तिला आवडलं नाही.
सही केली.

श्रीमती नामालोम्बा खोली पुसायला येतात.
त्यांनी विचारलं, या नव्या पेटीत काय आहे गं?
तियामिके म्हणाली, लंडन.
थोडंसंच.

बाईंनी पाण्याची बादली उचलली
आणि दोन पावलं लांब ठेवली.