ओला हात

होडी खरी होती. हे आधी लिहून घ्या.
पाजपंढरीच्या सुतारानं बांधलेली, बेचाळीस फुटी,
हर्णैच्या बंदरात माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरली.
नारळ मीच फोडला.

पावत्याही मीच फाडल्या.
हजाराची एक. वर निळ्या शाईत: एक वाटा.
रघुवीर पावसे म्हणाला होता,
समभाग वगैरे नको, माणसं बिचकतात.
वाटा म्हण. आपला शब्द आहे.

आपलाच होता.
माझा बाप खलाशी. लिलाव आटपला की
वाळूवर कंदील टेकवून हिशेब व्हायचा:
डिझेल वजा, बर्फ वजा,
होडीचे इतके, जाळ्याचे इतके,
तांडेलाचे दोन, खलाशाचा एक,
भात रांधणाऱ्या पोराचा अर्धा.
बाप त्याच्या नोटा मोजायचा
मिठानं चिरलेल्या बोटांनी, थुंकी न लावता.
बोटं ओलीच असायची.

मी वाटा विकला खेडला, महाडला,
मंडणगडच्या एसटी स्टँडवर चहा पाजून,
ज्यांनी जाळं फक्त कॅलेंडरवर पाहिलं त्यांना.
तीनशे अकरा जण.
पहिल्या वर्षी शेकडा अठरा दिले, पाकिटात घालून, वेळेवर.
नर्स कुंदा तांबटकर पेढे घेऊन आल्या होत्या.
हेही लिहा.

मग पत्र. मग मुंबईला बोलावणं.
समोर साहेब नव्हता, बाई होत्या, माझ्या थोरलीच्या वयाच्या.
होडीचा फोटो त्यांनी हलकेच बाजूला सारला.

सगळ्यांचे पैसे एकाच खात्यात?
हो.
नफ्याच्या आशेनं दिले?
तसे कोण देतं, मॅडम.
होडी कधी सोडायची, मासळी कुणाला घालायची, कोण ठरवायचं?
रघुवीर.
आणि तांबटकर बाई काय ठरवायच्या?

मी बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो.

काहीच नाही, असं त्यांनीच लिहून टाकलं.
म्हणाल्या, वाटा म्हणा, भिशी म्हणा, प्रसाद म्हणा,
कायदा पावतीवरचं नाव वाचत नाही.
पैसा एकाचा, राबणूक दुसऱ्याची,
आणि पैसेवाला घरी बसून नफ्याची वाट बघतो:
हे विकायचं तर आधी नोंदणी लागते.
मी म्हटलं, पण मी कुणाला बुडवलं नाही.
बुडवलं असतंत, तर कलम वेगळं लागलं असतं.

पैसे परत करा, असा हुकूम निघाला.
होडी विकली, इंजिन वेगळं विकलं.
रुपयाला एकसष्ट पैसे आले.
रघुवीर वेरावळच्या बोटीवर गेला, खलाशी म्हणून.
त्याला आता एक वाटा मिळतो. खरा.

कुंदाबाई आपलं पाकीट न्यायला स्वतः आल्या.
ओहोटी होती. होडी कुठली, विचारलं.
मी लांब बोट दाखवलं: नवा रंग, नवं नाव.
मग मुंबईतले सवालही सांगितले, जसेच्या तसे.
त्या ऐकत होत्या, तेवढ्यात एक उशिराची लाट
त्यांची एक चप्पल घेऊन निघाली.
वाकून त्यांनी ती पकडली,
आणि तळवा माझ्यापुढे धरला, रेती लागलेला.
"हा बघा, झाला ओला.
आता तरी धरतील का मला भागीदार?"

मी पाकीट पुढे केलं.
त्यांनी आधी हात पदराला पुसला,
नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.
मग घेतलं.