एक दाता जास्त

शिरो मेदाच्या चढावर, विणकरांची दुकानं संपतात
आणि निलगिरीचा वास सुरू होतो,
तिथं गाशे वुबिशेतचं गॅरेज : चार पत्रे, एक खड्डा.
मी तेव्हा चौदाचा.
पान्यांचे नंबर हातानं ओळखायचो, माणसं अजून नाही.

तेशागर मास्तर भर दुपारी आले.
फिकट निळी फोक्सवॅगन, पासष्टची;
म्हणजे बाहेरच्या जगाची पासष्ट,
आमच्या पंचांगात सत्तावन्न.
मागून डावीकडे बसलेली,
एका गुडघ्यानं अधू माणूस रांगेत उभा राहावा तशी.
मास्तरांनी कोटाच्या खिशातून फूटपट्टी काढली,
मडगार्डपाशी वाकले, उजवीकडे जाऊन पुन्हा वाकले.
"पस्तीस मिलिमीटर. मला शून्य हवंय."

गाशे काही बोलला नाही.
दार उघडून आत पाहिलं.
ड्रायव्हरच्या सीटमधून काथ्या बाहेर आलेला.
शेजारच्या सीटवर अजून कारखान्याचं प्लास्टिक,
पिवळं पडलेलं, एकही चुणी नसलेलं.
दार त्यानं हळूच लावलं.

मग जॅक, मग चाक,
गंजलेले चार बोल्ट, त्यांतला एक शिव्या खाऊनच सुटला.
आतून सळई निघाली, हातभर लांब,
काळी, ग्रीसनं माखलेली.
"ना पाटे, ना गुंडाळलेली स्प्रिंग," गाशे मला म्हणाला,
"या सळईच्या पिळावर अख्खी गाडी उभी असते.
डावी उजवीकडे चालत नाही. तिला बाजू ठाऊक असते."
पीळ जात नाही म्हणतात.
जातो. रोज थोडाथोडा,
खड्ड्याखड्ड्यानं समजूत घालत.

सळईच्या दोन्ही टोकांना दाते :
आत चाळीस, बाहेर चव्वेचाळीस.
मास्तरांचे डोळे चमकले. खडू मागितला.
पत्र्यावर लिहू लागले :
तीनशे साठ भागिले चाळीस, नऊ.
तीनशे साठ भागिले चव्वेचाळीस, आठ पूर्णांक
एक आठ एक आठ एक आठ...
"हा संपत नाही," ते आनंदानं म्हणाले.
आतून एक दाता पुढे, बाहेरून एक मागे,
मध्ये उरतो एका अंशाचा नऊ-अकरांश.
"एकतीस वर्षं अपूर्णांक शिकवले.
पोरं विचारायची, याचा उपयोग काय?
कुणी मला हे दाखवलं का नाही?"
असे सहा घेतले की पाचाला किंचित कमी.
सहा, त्यांनी दोनदा अधोरेखित केलं.

गाशेला भागाकार येत नव्हता.
त्यानं रबराला तान्ह्या बाळाची पावडर चोळली,
डोळे मिटले, सळई आत सरकवली.
दाते बोटांनी मोजताना मीही मोजत होतो.
सात.
मी तोंड उघडलं.
त्यानं पान्यानं माझ्या पायावर टिचकी मारली.

गाडी खाली आली. ढकलून पुढे, ढकलून मागे,
रबर आपल्या जागी बसेपर्यंत.
मास्तर वाकले. फूटपट्टी. चष्मा. पुन्हा फूटपट्टी.
"डावी सहा मिलिमीटर वर आहे. चुकलं."
"बसा," गाशे म्हणाला.
"मी मापाचं बोलतोय."
"मीही. बसा आत."

मास्तर बसले. पट्टी माझ्या हातात होती.
डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं.
मी म्हणालो, शून्य.

ते बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले.
बाहेर कुणी तरी सूत वाळत घालत होतं.
पत्र्यावरचा न संपणारा आकडा
संध्याकाळच्या उन्हात फिका होत होता.

मग ते मला म्हणाले, "चल, उतारापर्यंत बघून येऊ."
मी शेजारी बसलो.
प्लास्टिक केवढ्यानं तरी करकरलं.
माझं वजन तेव्हा चाळीस किलो असेल.
तेवढ्यानंही गाडी उजवीकडे
एखादा मिलिमीटर झुकलीच असणार.
मास्तरांनी मोजलं नाही.