नेगडी

सकाळी साडेसहाला हिरेमठ सरांना फोन लावला.
"नेगडी, सर."
पलीकडं फाउंड्रीचा ब्लोअर, मग सर:
"ज्वर?"
"ज्वर इल्ल, सर."
"इल्लांद्रे बा मत्त."
तेवढ्यात शिंक आली, अशी
की फोन हातातून उडून चादरीत पडला.
उचलून कानाला लावला तर सर म्हणत होते,
आयतु, आयतु, मलको.

अकरा वर्षांत घेतलेल्या रजा मला पाठ आहेत.
लग्न, बारसं, दोन मर्तिकं,
एकदा बोटाला सहा टाके.
निव्वळ नाकासाठी ही पहिलीच.

वडगावात हिवाळ्याचं धुकं
नऊ वाजेपर्यंत गल्लीतून हलत नाही.
एरवी मी त्यातूनच सायकल काढतो,
तिसऱ्या रेल्वे गेटाशी थांबतो, उद्यमबागेत पोचतो,
पंपाचं तोंड लेथवर घासत बसतो संध्याकाळपर्यंत.
आमच्या घराला सकाळचे दहा वाजतात
हे मला ऐकूनच ठाऊक होतं.

वाजले.
बाहेरच्या खोलीत वासंतीनं बटण दाबलं
आणि माग सुरू झाला.

आवाज म्हणू नये त्याला.
भिंत चालते, कॉट चालते,
उशाशी ठेवलेल्या पेल्यात पाणी
बारीक बारीक गोल काढत राहतं.
डोकं आधीच कापसानं भरलेलं,
त्यात धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
"पाडी दे," मी ओरडलो.
न आणि म दोन्ही नाकात अडकलेले.
"काय पाडू?" ती आतूनच हसली,
तुटलेला धागा थुंकी लावून जोडत,
माझ्याकडं न बघता.

मग पडल्या पडल्या बघत राहिलो.
दारातून दिसते तेवढीच वासंती:
पाठ, एक कोपर,
पदर कमरेला खोचलेला, त्यावर कापसाची कूस.
किती वेळा वाकते ते मोजायला लागलो,
चाळीसनंतर मोजणं सोडलं.

शेजारची नीलव्वा मिऱ्याचा कषाय घेऊन आली,
कपाळावर हात ठेवून कन्नडमध्ये मला दटावलं,
मराठीत वासंतीला म्हणाली,
"आता नवऱ्याला दिलीस होय तुझी सर्दी?"

कषाय घशात तसाच थांबला.

तिची.
म्हणजे गेल्या आठवड्यात.
रात्री ती तोंडानं श्वास घेत होती
आणि मी कूस बदलून म्हणालो होतो, आवाज कमी कर जरा.
सकाळी डबा तयार होता. शनिवारी शेठचा माणूस आला,
तीन साड्या घडी घालून नेल्या.
त्यातली एकही कमी नव्हती.

पावणेबाराला लाईट गेली.
एक माग थांबला की घर थांबतं,
सगळे थांबले की गल्लीच खोल जाते विहिरीसारखी.
कुणाचा कुकर, लांब मशिदीपाशी रिक्षा,
आणि माझं नाक, शिट्टी मारत.

"तू का नाही झोपलीस तेव्हा?" मी विचारलं.
"मी झोपलो असतो तर साडी उतरली असती काय?"
आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, झोपलो, म्हणाली.
आणि खाली बसली, भिंतीला टेकून,
पाय लांब करून. आज पहिल्यांदा.

मी चादर अंगाभोवती घेऊन उठलो,
रिकाम्या कांड्यांची टोपली ओढली.
हाताच्या चरख्यावर कांडी भरायला
लहानपणी शिकलो होतो, बोटं विसरली नव्हती फार.
पहिली सैल झाली. तिनं बघितलं,
उलगडून माझ्याकडं परत फेकली.
दुसरी ठेवून घेतली.

तिसरी अर्धी झाली होती,
मला शिंक आली, सूत तुटलं,
आणि गल्लीत एकदम सगळीकडं
लाईट आली.