दीड गाडीची जागा

सोसायटीच्या फळ्यावर आजही नोटीस आहे :
'बी-सात यांचे वाहन दीड गाडीची जागा व्यापते.
आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.'
खाली राजहंसांची लफ्फेदार सही.

खुलासा असा, की
ही टेम्पो ट्रॅव्हलर आधी एका शाळेची होती.
भोसरीच्या शेडमध्ये हिच्या सीटा उपटल्या
तेव्हा खालून निघाले चार चिंचोके, एक कर्कटक,
आणि कुणाचा तरी दुधाचा दात.
(ह्यांच्या मते, खडू.)
पांढऱ्या रंगाखालचा पिवळा
दाराच्या कडेला अजून दिसतो.

मग साठ लिटरची टाकी आली,
चार फुटी पलंग आला, त्याच्या पोटात कांदे-बटाटे.
मोरी म्हणजे एक बादली आणि पडदा.
मुलगी फोनवर म्हणाली, विमानानं जा ना,
गुडघे बघा तुमचे.

खुलासा असाही, की
एकतीस वर्षं हे पिंपरीत, टूलरूमला,
आठवडा फर्स्ट, आठवडा सेकंड, आठवडा थर्ड.
मी सहकारी बँकेत, कॅशला.
उशीवरचा खळगा मला सकाळी थंड मिळायचा,
त्यांना दुपारी.
तुळशीच्या कुंडीखाली एक किल्ली,
तिच्यावर चाललेला संसार.

सोलापूर मागे पडलं.
इंजिनाच्या आवाजात 'अहो' पोचेना.
दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं,
आणि रायचूरच्या अलीकडे, फाटा निसटता निसटता
मी ओरडले, 'दिगंबर, डावीकडे!'
लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा,
आणि तेही यमकाशिवाय.
त्यांनी गाडी डावीकडे घेतली.
चार किलोमीटर कुणीच काही बोललं नाही.
मग म्हणाले, भूक लागलीय का गं?

आंध्रात पेट्रोलपंपाच्या मागे झोपलो,
ट्रकवाल्यांच्या ओळीत, त्यांच्याच मोगरा-अगरबत्तीच्या वासात.
गोपाळपूरला समुद्रासमोर पोहे केले,
वाळू लागली दाताखाली,
तरी ह्यांनी दुसऱ्यांदा मागितले.
कोरापुटला गॅसच्या रेग्युलेटरवरून जुंपली.
घरी भांडण झालं की तीन खोल्या असतात.
इथे पाठ फिरवायची तर
दोघांनी एकदमच फिरवावी लागते.

त्याच रात्री कळलं :
झोपेत ह्यांची बोटं हलतात.
अंगठा आणि तर्जनी, अगदी हळू,
मायक्रोमीटर फिरवावा तशी.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
कुठला जॉब तपासतायत अजून?
मी माझं बोट मध्ये ठेवून पाहिलं.
मोजलं त्यांनी. सोडलं.

केशकालच्या घाटात ब्रेक तापले,
चाकाखाली लावलेला दगड
ह्यांनी गाडीतच ठेवून घेतला.
राजनांदगाव, नागपूर, आणि मग
वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास
आपल्याच गावाच्या दारात.

लिफ्टमध्ये शिरलो आणि
'अहो, पिशवी धरा' निघालं तोंडातून.
ते हॉलमध्ये टीव्हीपुढे, मी आत.
नळ सोडला की पाणी येतच राहतं,
मला अर्धी बादली पुरते.
चार रात्री मी छताकडे बघितलं.
केवढं उंच बांधतात छत.

पाचव्या रात्री उशी घेऊन खाली आले.
वॉचमन लोचन म्हणाला,
'काकू, काका केव्हाचे गेलेत आत.'
दिवा बारीक करून हे बसलेले.
कांदे काढायला आलो, म्हणाले, कोंब फुटलेत.
पावणेबारा वाजता.

राजहंससाहेब, वाहन दीड गाडीची जागा व्यापते
हे मान्य आहे.
बाकी लेखी जमेल असं वाटत नाही.
धायरीच्या ह्या पार्किंगला उतार आहे जरा,
दगड लावलाय.
'दिगंबर, सरक,' म्हटलं.
ते सरकले,
आणि पलंगाखाली एक कांदा
गडगडत गेला दारापर्यंत.