ट्रॅक तीन

नवी पेठेत, झेरॉक्सच्या दुकानाखालच्या तळघरात
मी जुन्या टेपा नव्या करते.
आज 'उसनवारी', भाग नववा, साल सत्त्याऐंशी.
चॅनेलकडून यादी आली आहे, एक्सेलमध्ये.
मोलकरणीच्या रंगावरचं वाक्य: काढा.
सासूनं उगारलेलं लाटणं: काढा किंवा धूसर करा.
धूसर लाटणं! मी एकटीच हसले.
दूधवाल्याचं तोतरेपण, अकरा सेकंद: काढा.

अकरा सेकंद.
सोपान दूधवाला दारात येतो, किटली खाली ठेवतो,
दू, दू, दू,
मालकीणबाईचा हात कमरेवर, डोळे छताकडे,
दू, दू,
आणि दार धाडकन बंद.
मग हशा, पत्र्यावर चिंचोके ओतल्यासारखा.

दर गुरुवारी रात्री साडेआठला, लाइट असली तर,
लक्ष्मीनगरच्या आमच्या दोन खोल्यांत
शेजारच्या रिसबूडांसकट चौदा माणसं मावायची.
आणि नेमका दूधवाला आला की
माझा भाऊ हेरंब पाणी प्यायला उठायचा.
आई म्हणायची, या पोराला तहान फार.
शाळेत त्याला दूदू म्हणत.
पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला माहीत आहे.
मी.

तर मग कापायला काय हरकत आहे?
आता कात्रीसुद्धा लागत नाही, एक बटण.
पण काल सहकारनगरहून उपळेकरबाईंचा फोन आला,
सोपानचं काम करणाऱ्यांच्या पत्नी.
अहो, यांचं तेवढंच आहे हो सगळ्या मालिकेत.
ते काढलंत तर हे नुसते दारात येतील
आणि दार लागेल.
नातवाला काय दाखवू?
यांचा स्वतःचा एक शब्द कधी अडला नाही, म्हणाल्या,
घरी तर गप्प बसा म्हणावं लागायचं.
भागाला पंच्याहत्तर रुपये मिळत.
त्यातून मिक्सर घेतलेला, अजून चालतो.

मी हेरंबला फोन लावला.
चाकणला दुसरी पाळी, मागे कन्व्हेयरची घरघर.
सगळं सांगितलं. दूदूचं सोडून.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
थांबायचं, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही,
हे मला चाळिशी उलटल्यावर जमलं.
मग म्हणाला, ह, ह, हशा काढ.
त्याला राहू दे.
आणि ठेवता ठेवता म्हणाला,
मी प, पाणी प्यायचो नाही गं.
नळ सोडून उभा राहायचो.

चॅनेलच्या यादीत हशा कुठंच नाही.
हशावर कुणाची हरकत येत नाही.
तो वेगळ्या स्पूलवर आलेला, माझ्याकडे ट्रॅक तीन,
एरंडवण्यातल्या कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये
चहा-चिवड्यावर बोलावलेल्या चाळीस जणांचा.
मी तो बंद केला.

अकरा सेकंद फार लांब असतात.
किटलीची कडी वाजते. बाईंच्या बांगड्या.
दू, दू, दू.
लांब कुठंतरी रिक्षा सुरू होत नाहीये.
दू, दू.
दार.
आणि बंद दारासमोर, कॅमेरा अजून चालूच,
इतकी वर्षं हशाखाली दबून राहिलेला
एक स्वच्छ, हळू शब्द:
दूध.

संहितेत होता, की उपळेकरांनी मनानं घातला,
आता कोण सांगणार? बाईंना विचारलं,
त्या म्हणाल्या, आम्हाला कधी ऐकूच आला नाही.

एपिसोड सकाळी दहाला द्यायचा आहे.
याला अजून विनोद म्हणतात का, मला ठाऊक नाही.
वर दुकानाचं शटर पडलं.
मी ट्रॅक तीन चालू करते, बंद करते, चालू करते.
चालू केला की
चाळीस जणांत डावीकडे, सगळ्यांच्या किंचित आधी,
एक बारीक हसू फुटतं.
नऊ-दहा वर्षांचं असेल.
मुलगी वाटते.