पासाचा रकाना

बारा सामने, अकरा पराभव.
बारावा जिंकलो, तो वास्कोची बस
बोरीच्या पुलावर बंद पडली म्हणून.

तरी तिस्कावर, रस ऑम्लेटच्या गाड्याशी,
रात्री साडेदहाला संघ नव्याने बांधला जातोय.
शेवटून पहिले आलो, म्हणून रविवारी
खेळाडू वाटताना पहिली चिठ्ठी आमची.
"हरण्याचं एवढं तरी फळ," म्हणतो उल्हास गावस
आणि पावाने बशी पुसतो.

"उसगावच्या पंपावर एक पोर आहे.
सहा फूट पाच. ट्रकची काच
शिडीशिवाय पुसतो."
"पुसू दे. बॉल धरलाय का कधी?"
"व्हॉलीबॉल खेळतो."
"मग आपल्याकडे आलेला बॉल
हा परत त्यांनाच मारील, पात्राव!"
बॉस्को हसतो, शाकुतीचा ठसका लागतो,
गाडेवाला पाणी पुढे करतो, न विचारता.

बॉस्कोचं म्हणणं, चिठ्ठीच देऊन टाकू.
मडगावच्या सेक्रेटरीचा नंबर
डाव्या तळहातावर लिहून आणलाय त्याने.
चिठ्ठी द्यायची, सोबत इनास द्यायचा,
त्यांचे दोन गार्ड घ्यायचे.
इनास म्हणताना आवाज जरा उतरतो,
घरातलं तांब्याचं भांडं मोडीत घालताना
उतरतो तसा.
चौतीस वय, उजवा गुडघा पट्ट्यात,
अकरा वर्षं फोंड्याचा सात नंबर.

"मास्तर, तुम्ही सांगा. आकडे तुमच्याकडे."

मी टेबलावर बसतो. गुण लिहितो, फाउल लिहितो,
पाचवा झाला की बाहेर.
वही काढतो. इनास कुलासो:
सामन्याला सरासरी चार गुण, तीन फाउल.
"बघा!" म्हणतो उल्हास.
काय बघायचं? खरंच आहे ते.

आमच्या कागदावर पासाला रकाना नाही
हे मी सांगत नाही.
ज्याने बास्केट केली, त्याचं नाव.
ज्याने दोघांना अंगावर घेऊन
भलतीकडेच बघत
बॉल काखेखालून सोडला,
त्याला कागदात जागा नाही.
एकदा समासात पेन्सिलीने टिंबं दिली होती.
एका संध्याकाळी चौदा भरली.
सही करताना रेफरी म्हणाला, ही काय घाण?
मी खोडली.
आता बोलावं, तर मलाही एकदा
जिंकायचंय की. गप्प बसतो.

तेवढ्यात इनासची स्कूटर.
बोलणं बांगड्याच्या भावावर वळतं, फार पटकन.

"एक सिंगल, रस जास्त," तो म्हणतो.
मग स्टूल ओढून, गुडघा सरळ करत,
"दोन गार्ड मागू नका. माझ्यावर दोन
कोण देणार? एक दिला तरी घ्या."

गॅसची फुसफुस ऐकू येते.

"पण चिठ्ठी देऊ नका.
तो पंपावरचा पोर घ्या."
उल्हास: "त्याला बॉल..."
"बॉलचं शिकवता येतं.
महिना झाला, मी तिथे पेट्रोल भरतो."
"उसगावला? दहा किलोमीटर जाळून?"
"सुटे पैसे मी हातात देत नाही. फेकतो.
आधी समोरून, मग जरा बाजूला,
मग तो मीटरकडे बघत असताना.
एक नाणं पडलं, पहिल्या दिवशी.
त्यानंतर एकही नाही."

खाऊन उठतो. सगळ्यांचे पैसे देतो,
उल्हासने घेतलेल्या दुसऱ्या प्लेटचेसुद्धा.
स्कूटर दुसऱ्या किकला लागते.
लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत
बांगड्याचं कुणाला सुचत नाही.

"महिनाभर," उल्हास पुटपुटतो,
"म्हणजे आपण ठरवायच्या आधीपासून."

बॉस्को हात धुवायला बादलीपाशी जातो.
उजवा धुतो, नीट, साबण लावून.
डावा पाण्यावर धरून
उभाच राहतो.
"आवरतोय हं," गाडेवाला म्हणतो.