दोघांपुरतं

झुल्मिरा बसने येते, अदेरितो आपल्या गाडीने.
लग्नाचा वाढदिवस.
घटस्फोटालाही अकरा वर्षं झाली,
पण वाम माशाचं असं कालवण
तेजो नदीकाठी दुसरं कुणी करत नाही,
आणि एकट्या माणसासाठी
इथे ते चुलीवर चढतच नाही.

तो कोथिंबीर वेचून तिच्या ताटलीत टाकतो,
सवयीने.
ती खाते.
गुडघे, लेकीचं नवं घर,
मग बराच वेळ नुसते चमचे.

वेटर कागदी मेजपोसावरच हिशेब मांडतो,
रश्श्याच्या डागाला वळसा घालून.
‘निम्मं निम्मं,’ ती म्हणते.
तो पेन मागून पुन्हा बेरीज करतो.
ह्याच बेरजांवरून तर...
असो. आज बरोबर येते.

ती बसची वेळ सांगते.
तो दोन कॉफी सांगतो.